पाऊण तोळा

"ललिते, धाव गं! राघू गेला!"

आत्याबाईंची हाक आली तेव्हा मी मागल्या अंगणात भांडी घासत होते. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. तीन वर्षांच्या संसारात त्यांनी मला एवढ्या काकुळतीनं एकदाही हाक मारली नव्हती. घरातलं कुणीतरी खरंच गेलं असं वाटून मी राखेच्या हातांनी धावत आत आले.

राघू गेला नव्हता. पिंजऱ्याच्या तळाशी बसला होता. अंगावरची सगळी पिसं फुलवलेली, डोळे अर्धवट मिटलेले, दोन्ही पाय पोटाखालून बाजूला फाकलेले. श्वासाबरोबर शेपटी वरखाली होत होती.

"माझ्या डोळ्यांदेखत दांडीवरून पडला गं. उभाच ऱ्हाईना. पायच गेले त्याचे," आत्याबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

मी बघतच राहिले. महिन्याभरापूर्वी मी आठ दिवस तापानं फणफणले होते. तेव्हा याच बाईनं दारातून डोकावून, "पडून राहा, पण तेवढी कणीक मळून पड," असं मला सांगितलं होतं. त्यांच्याकडे अश्रू असतात हे मला त्या दिवशी कळलं.

ही तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट, शेवगावच्या सराफ गल्लीतली. पुढं 'डहाळे सराफ' ही पाटी आणि दुकान, मध्ये कारखाना, मागं आम्ही. कारखाना म्हणजे एक अंधारी खोली. तिच्यात ऐरण, हातोड्या आणि बागेसरी, म्हणजे सोनाराची कोळशाची शेगडी. माझे सासरे दिगंबरशेठ यांना मी मामंजी म्हणायचे, त्यांचा मुलगा आप्पा म्हणायचा. त्यांचा तालुक्यात दबदबा होता. पाटली नुसती जमिनीवर टाकली तरी आवाजावरून ती किती कसाची हे सांगायचे, आणि लोक माना डोलवायचे. माझा नवरा रमाकांत. त्या वेळी मी त्याला 'अहो' म्हणायचे. आता सांगताना नावानंच सांगते. त्याचं त्याला काही वाटणार नाही. तेव्हाही त्याला कशाचं काही वाटत नसे.

आणि राघू. या घरातला खरा मुलगा तोच होता. या गोष्टीच्या सात वर्षं आधी मामंजींनी त्याला पिल्लू असताना आणलं, "नर आहे, बोलेल," असं जाहीर केलं आणि विषय संपला. पोपटाच्या नराला दोन-तीन वर्षांत गळ्याभोवती काळी-लाल रेघ उमटते, तिला कंठ म्हणतात. राघूला सात वर्षांत कंठ फुटला नाही. दुकानात आलेली गिऱ्हाईकं मुद्दाम विचारायची, "काय शेठ, कंठ कधी फुटणार?"

"काहींना उशिरा फुटतो," मामंजी म्हणायचे. "आमच्या रमाकांतला तरी मिसरूड कुठं वेळेवर फुटलं होतं?"

लोक हसायचे. रमाकांत खाली मान घालून तराजू पुसत बसायचा. दर पाडव्याला मामंजी राघूच्या गळ्यात लाल रेशमाचा दोरा बांधायचे आणि कंठाची हौस भागवून घ्यायचे. राघू 'राम राम' म्हणतो असंही त्यांचं म्हणणं होतं. बाकी सगळ्या गल्लीला टँव टँव ऐकू यायचं, पण डहाळेशेठना कोण सांगणार?

तर त्या सोमवारी राघू पडला. त्या दिवशी घरात वरण-भातावर भागलं आणि उपचारांना सुरुवात झाली. आत्याबाईंनी आधी मीठ-मोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढली. मग ओव्याचं पाणी चमच्यानं चोचीत घातलं, त्यातलं निम्मं त्याच्या छातीवर सांडलं. मग पोटाला हिंगाचा लेप लावला. पौषातली थंडी होती. ओल्या अंगानं तो आणखीच आकसून बसला. वासानं त्याचे डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत.

मंगळवारी सकाळी मामंजी सोन्याचा तराजू घेऊन आत आले. दर गुरुवारी ते राघूला तोलायचे. सोनाराच्या घरात कौतुकसुद्धा तोलूनच होतं. राघूला त्यांनी फडक्यात गुंडाळून पारड्यात ठेवलं, दुसऱ्या पारड्यात वजनं टाकली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मागल्या गुरुवारी अकरा तोळे होता. आज पावणेबारा! पाऊण तोळ्यानं वाढलाय. म्हणजे आतून सुधारतोय."

"त्यानं कालपासून दाणा खाल्ला नाही, मामंजी," मी म्हणाले.

"तू गप गं. तराजू खोटं बोलत नाही."

"खोटं नाही म्हणत. पण न खाता वजन कसं वाढेल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुनेनं प्रश्न विचारला की ते असे बघायचे, जशी एखादी पितळेची अंगठी कुणी सोन्याची म्हणून पुढं केली असावी.

"पोटात वारं धरलंय त्याच्या," ते म्हणाले. "वारं धरलं की अंग जड होतं. परवा गुरुपुष्य आहे. सकाळी सातला तारेचा डाग देऊ. उतरेल सगळं."

आत्याबाईंच्या हातातला चमचा खाली पडला.

ती तार डहाळ्यांच्या घराण्याची होती. वीतभर लांब, अस्सल सोन्याची, मामंजींच्या आजोबांनी ओढलेली. मखमलीच्या डबीत असायची. गल्लीतलं कुणाचं मूल पोट धरून रडायला लागलं की आया त्याला घेऊन आमच्या दारात यायच्या. मामंजी तार बागेसरीत लाल करायचे आणि मुलाच्या पोटावर टेकवायचे. मूल किंचाळून निपचित पडायचं, आणि सगळे म्हणायचे, बघा, गुण आला. सोन्यानं दिलेला डाग पिकत नाही, असा त्या घराचा सिद्धांत होता. त्या तारेशी माझीही जुनी ओळख होती.

बुधवारी सकाळी मामंजी आणि रमाकांत दुकानात गुरुपुष्याची तयारी करत होते. त्या दिवशी सोनं घ्यायला गर्दी होते, त्यामुळे दोघांना मान वर करायला सवड नव्हती. मी भाकरी थापत होते. आत्याबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. असं त्या कधी बसत नसत.

"ललिते, त्याला डाग सोसायचा नाय गं," त्या हळूच म्हणाल्या. "केवढंसं अंग त्याचं. तार लागली की जीवच जाईल."

मी भाकरी तव्यावर टाकली आणि त्यांच्याकडे पाहिलं. चांगलं डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. त्यांना काही आठवतंय असं दिसेना.

"मामंजींना सांगा की."

"माझं ऐकतात व्हय ते?"

"मग जनावरांच्या दवाखान्यात नेऊ. मी येते बरोबर."

"अगं, डहाळ्यांचा राघू म्हशींच्या रांगेत? गल्लीत कळलं म्हणजे?"

"म्हशी काही गल्लीत सांगत येणार नाहीत," मी म्हणाले.

हे त्यांना पटलं. मग उठून भाजीची टोपली आणली, तळाला रमाकांतचा जुना स्वेटर घातला आणि राघूला त्यात ठेवलं. वरून पदर झाकला. आम्ही मागच्या दारानं निघालो.

दवाखान्यात आमच्या आधी एक म्हैस होती. डॉक्टर इंगवले कोपरापर्यंत साबण लावून हात धूत होते. गडगडाटी आवाजाचा, पायात गमबूट घातलेला माणूस. टोपलीत डोकावून म्हणाले, "पोपटाचं मला फार कळत नाही. कोंबडीचं कळतं. किती वर्षांचा?"

"सात," आत्याबाई म्हणाल्या.

"नर की मादी?"

"राघू हाये तो."

"नाव नाही विचारलं, मावशी. नर कशावरून?"

"आमचे मालक म्हणतात."

"आणि मालकांना कुणी सांगितलं?"

 सात वर्षांत हा प्रश्न त्या घरात कुणाला पडलाच नव्हता. मलाही नाही, हे कबूल करते. मी तोंडात पदर खुपसून हसणारी बाई, पण 'राघू' म्हटल्यावर मीही तो नरच धरून चालले होते.

"याचा कंठ कुठाय मग?" डॉक्टरांनी विचारलं.

"फुटायचाय अजून," आत्याबाई म्हणाल्या.

डॉक्टर एवढ्या मोठ्यानं हसले की म्हशीनं वळून पाहिलं. मग हात कोरडे करून त्यांनी राघूला उलटं धरलं आणि शेपटीच्या वर एक बोट अगदी हलकं फिरवलं. हसणं थांबलं.

"या, तुम्हीच हात लावून बघा. दाबू नका."

मी बोट लावलं. पिसांखाली काहीतरी टणक, गोल लागलं.

"अंडं आहे. अडकलंय. त्याचा दाब येऊन पाय लुळे पडलेत. ही मादी आहे, मावशी."

"अगं बाई!" आत्याबाईंनी तोंडावर हात ठेवला. "पण तिला जोडीदार कुठाय? एकटाच... एकटीच असती पिंजऱ्यात."

"अंड्याला नर लागत नाही. पिल्लाला लागतो." बोलता बोलता त्यांनी म्हशीकडे बोट दाखवलं. "आता हिचंच बघा. दोनदा रेड्याकडे नेली, गाभण राहिली नाही. मालक दर खेपेला हिलाच घेऊन येतो. सुई हिलाच, औषध हिलाच. मी म्हटलं, अरे रेडा तपासलाय का कुणी? तर म्हणतो, रेडा चांगलाय की साहेब, केवढा मोठा आहे!"

म्हशीचा मालक ओशाळून हसला. तीन वर्षांत आमच्या घरात पाळणा हलला नव्हता, मी हसले नाही. आत्याबाई म्हशीकडे बघत राहिल्या.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. ऊब द्यायची, गरम पाण्याची वाफ जवळ ठेवायची, खाली तेलाचा थेंब सोडायचा, कॅल्शियमचं औषध ड्रॉपरनं पाजायचं. पोट दाबायचं नाही, दाबलं तर अंडं आत फुटेल. उद्या दुपारपर्यंत बाहेर आलं नाही तर परत आणायचं.

"आणि डाग दिला तर?" मी विचारलं.

"डाग? हिला?" ते माझ्याकडे बघत राहिले. "तासाभरात मरेल. कुणाच्या डोक्यातून आलं हे?"

आत्याबाई टोपलीतला स्वेटर नीट करायला लागल्या. डॉक्टरांनी कागद ओढला. "पोपट पाळायला बंदी आहे, माहीत आहे ना? कागदावर कोंबडी लिहितो."

"कोंबडीच लिवा," आत्याबाई घाईघाईनं म्हणाल्या.

परत येताना आत्याबाई मारुतीच्या देवळापाशी थांबल्या, नमस्कार केला आणि देवाकडे तोंड करूनच मला विचारलं, "रेड्याचं काय म्हणाला गं तो?"

"ऐकलंत की तुम्ही."

त्या पुढं चालायला लागल्या.

मी टोपली कारखान्यात बागेसरीच्या उबेला ठेवली. शेजारी उकळत्या पाण्याचं पातेलं. मामंजींनी येता-जाता पाहिलं आणि सुनेला उशिरा का होईना राघूची माया आली असं समजून ते खूश झाले. 'उद्या डाग दिला की उभा राहील,' असं म्हणून गेले. संध्याकाळपासून मी तासातासाला औषध पाजत होते. पाणी निवलं की आत्याबाई न सांगता दुसरं आणून ठेवायच्या.  पहाटेपर्यंत अंडं काही आलं नाही.

गुरुवारी सात वाजता मामंजी आले. अंघोळ करून, कपाळाला गंध लावून, हातात मखमलीची डबी. मागून रमाकांत हळदी-कुंकवाचं ताट घेऊन. त्या घरात डाग द्यायचा तोसुद्धा पूजा करून द्यायचे. मी बागेसरीसमोर बसले होते, मांडीवर टॉवेलात ती. आत्याबाई भिंतीला टेकून.

मामंजींनी तार चिमट्यात धरून निखाऱ्यांवर ठेवली.

"आण त्याला इकडं."

"डाग द्यायचा नाही, मामंजी," मी म्हणाले. "काल दवाखान्यात नेलं होतं. राघू मादी आहे. पोटात अंडं अडकलंय."

मामंजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आत्याबाईंकडे. "कोणत्या दवाखान्यात?"

"जनावरांच्या."

"म्हशीच्या डॉक्टरनं सांगितलं, माझा राघू मादी आहे?" ते हसले. "सात वर्षं मी तोलतोय त्याला. सात वर्षं! मला कळलं नाही आणि त्याला एका दिवसात कळलं?"

"त्यांनी हात लावून बघितलं."

"आण इकडं म्हणतोय ना!"

तार लाल व्हायला लागली होती. माझ्या मांडीवर ती पक्ष्याची जात एवढा जोर करत होती की टॉवेलातून मला तिचं काळीज लागत होतं. मला वाटलं, आता रडून उपयोग नाही. या माणसाला माणसाची भाषा कळत नाही, याला सोन्याची कळते.

"मामंजी, एक विचारू? गिऱ्हाईकानं पोकळ पाटली आणली आणि ती तराजूत जड लागली, तर तुम्ही काय म्हणता?"

"काय म्हणायचं? आत लाख भरलेली असते," ते तिरसटून म्हणाले.

"हिनं तीन दिवस दाणा खाल्ला नाही. आणि पाऊण तोळ्यानं जड लागली."

चिमटा त्यांच्या हातात तसाच राहिला. मी पाहिलं, त्यांची नजर टॉवेलावर, मग तराजूवर, मग पुन्हा टॉवेलावर गेली. पन्नास वर्षांचा धंदा त्यांच्याच विरुद्ध साक्ष द्यायला उभा राहिला होता. तार निखाऱ्यावर लाल होऊन पडली होती, आणि ती उचलायला त्यांचा हात पुढं होईना.

तेवढ्यात माझ्या मांडीवर ती एकदम ताठ झाली. शेपटी वर गेली. तिनं असा एक आवाज काढला की रमाकांतच्या ताटातली कुंकवाची कोयरी कलंडली. आणि टॉवेलावर एक अंडं आलं. पांढरं, ओलसर, आवळ्याएवढं.

ती मान टाकून पडली. मेली असं वाटलं मला. मग एक डोळा उघडला.

"जगली गं माझी बाई," आत्याबाई म्हणाल्या.

मामंजींनी काय केलं असेल? त्यांनी अंडं उचललं, धोतराच्या सोग्याला पुसलं आणि तराजूच्या पारड्यात ठेवलं. हात सवयीनं वजनांकडे गेला.

"पाऊण तोळा," ते स्वतःशीच म्हणाले.

मला हसू फुटणार होतं. ते फुटलं नाही, कारण त्यांचं पुढचं वाक्य आलं.

"हे बाहेर जाता कामा नये. राघूच आहे तो. कुणी विचारलं तर सांगायचं, पोटात वारं होतं, डागानं उतरलं."

"डागानं?" मी म्हणाले.

"घरातली गोष्ट घरात राहिली पाहिजे. लोक काय म्हणतील? ज्याला सात वर्षांत घरातला पोपट पारखता आला नाही, तो आमचं सोनं काय पारखणार? कळतंय का तुम्हाला?"

सगळ्यांना कळत होतं. आत्याबाई मात्र दुसऱ्याच विचारात होत्या. त्यांनी मान वर केली आणि मुलाकडे पाहिलं.

"रमाकांता, तू पण एकदा तपासून घे, बाळा," त्या अगदी साध्या सुरात म्हणाल्या. "तो डॉक्टर सांगत व्हता, आधी नर बघायचा असतो म्हणून. आपण हिलाच एवढं सगळं करत बसलो. तुझं बघितलंच नाय कुणी."

रमाकांत ताटाकडे बघत राहिला.

"त्याचं काय तपासायचंय?" मामंजी तराजू आवरता आवरता वैतागून म्हणाले. "त्याचं झालंय तपासून."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांनाच ऐकू आलं असावं. हातातलं वजन डबीत न जाता खाली घरंगळलं.

"कधी?" आत्याबाईंनी विचारलं.

त्या मुलाकडे वळल्या.

"रमाकांता, कधी झालंय?"

"पहिल्या दिवाळीला. नगरला," तो ताटाला सांगावं तसं म्हणाला. "दोष माझ्यात आहे म्हणाले. काही होणार नाही म्हणाले. आप्पा म्हणाले, घरातली गोष्ट घरात राहू दे."

पहिली दिवाळी, म्हणजे लग्नाला सहा महिने. त्यानंतरची अडीच वर्षं मी काय काय केलं, ते मी मोजून सांगू शकते, पण सांगत नाही. सोळा सोमवार, औदुंबराच्या फेऱ्या, कुठलीशी कडू मुळी दुधात उगाळून. प्रत्येक बारशाला मागच्या रांगेत उभं राहणं. आणि दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात डाग.

हो, ती तार माझ्या पोटाला लागलेली आहे. बेंबीखाली दोन बोटं. 'पोटात वारं धरलंय, म्हणून राहत नाही,' असं मामंजींनी ठरवलं होतं. सुनेच्या अंगाला सासऱ्यानं हात लावायचा नसतो, एवढी मर्यादा त्या घरात होती. म्हणून मामंजींनी कारखान्यात तार तापवली, आत्याबाईंनी आतल्या खोलीत मला निजवून तिचा डाग दिला. आणि कारखान्यातून खोलीच्या दारापर्यंत ती लाल तार चिमट्यात धरून आणून दिली होती माझ्या नवऱ्यानं. नगरचा कागद खिशात घालून. तार निवू नये म्हणून तो भराभर चालत आला होता, ते मी पडल्या पडल्या पाहिलं होतं.

मी रमाकांतकडे पाहिलं. माणूस एवढा लहान असू शकतो आणि तरी त्याला सदरा बसतो, याचं मला नवल वाटलं. मला त्याला मारावंसं वाटलं. खरंच वाटलं. चिमटा हाताशी होता.

"तुला माहीत व्हतं?" आत्याबाई त्याला विचारत होत्या. "मी हिला... आणि तुला माहीत व्हतं?"

त्या आपल्या उजव्या हाताकडे बघत होत्या. तो त्यांनी लुगड्याला पुसला, मग पुन्हा पुसला.

मी उठले. तिला स्वेटरसकट टोपलीत ठेवलं, औषधाची बाटली, ड्रॉपर आणि तो कोंबडीचा कागद घेतला. त्या घरात मला मिळालेला पहिला खरा कागद तो, आणि त्यावरही कोंबडी लिहिलेलं.

"कुठं निघालीस?" मामंजी म्हणाले.

"नेवाशाला. माझ्या आईकडं."

"आज गुरुपुष्य आहे! आत्ता गिऱ्हाईकं यायला लागतील. मागच्या दारानं तरी जा."

मी पुढच्या दाराकडे वळले. मला वाटलं, आता तरी कुणीतरी 'थांब' म्हणेल. रमाकांतनं ताट खाली ठेवलं नाही. मामंजी मात्र माझ्या मागं दारापर्यंत आले.

"ललिता! तू जा कुठं जायचं ते. राघूला ठेवून जा."

तीन वर्षांत मी त्यांना उलट उत्तर दिलं नव्हतं. सगळी उत्तरं साठलेली असणार.

"राघू तुमच्यापाशीच राहतोय, मामंजी," मी म्हणाले. "तो बघा, ताट धरून उभा आहे. ही मादी आहे. ही माझ्याबरोबर येते."

दुकानाच्या पायरीवर चार गिऱ्हाईकं उभी होती. त्यांनी सगळं ऐकलं. ऐकावं म्हणूनच मी पुढच्या दारानं आले होते.

तिचा एक पाय महिनाभरात सुधारला, दुसरा कायमचा लुळा राहिला. दांडीवर तिला बसता येईना, म्हणून मी पिंजरा काढून टाकला आणि पसरट टोपलीत गोधडीचे तुकडे घालून दिले. चोचीनं धरून धरून ती टोपलीच्या कडेवर चढायची आणि तिथून माझ्या खांद्यावर. गोधडी रोज बदलायची, नाहीतर लुळ्या पायाला जखम व्हायची. भिजवलेली सालीची डाळ, शेवग्याचा पाला, पेरूची फोड. मी बालवाडीत नोकरी धरली, शाळेतही तिला टोपलीत घेऊन जायचे. नाव राघूच ठेवलं. सात वर्षं तिला त्याच हाकेची सवय होती, उगाच आणखी एक बाईमाणूस नाव बदलून कशाला घोळात टाकायचं?

दोन वर्षांनी आत्याबाई आल्या. एकट्या, एसटीनं, हातात पिशवी. माझ्या आईनं दिलेलं पाणी त्या प्यायल्या नाहीत. आल्या त्या टोपलीशेजारी जमिनीवर बसल्या. राघू त्यांना ओळखून टोपलीच्या कडेवर चढली आणि मान पुढं केली. त्यांनी ती खाजवली.

"तार आहे का अजून?" मी विचारलं.

"हाये. डबीत. लोक येतात अजून." मग राघूची मान खाजवत म्हणाल्या, "मी नाय हात लावीत आता."

मला यावर म्हणायला पुष्कळ होतं. पण त्या खाली बघून गोधडीच्या दशा सारख्या करत होत्या.

"ललिते, दाखव गं एकदा."

"काय?"

"डाग."

"आता बघून काय करणार आहात?"

"तेव्हा मी डोळे मिटून घेतले व्हते," त्या म्हणाल्या. "देताना. कुठं लागला, केवढा लागला, मी बघितलाच नाय."

मी उभी राहिले. पदर हातात घट्ट धरून ठेवला होता, ते माझं मला नंतर कळलं. सगळं घर न बघता चाललं होतं आणि आता एकीला बघायचं होतं. एवढ्या वर्षांनी, तिकीट काढून.

मी दाखवला नाही.

"डाळ भिजलीय," मी म्हणाले. "तिला भरवायची वेळ झालीय. एकेक दाणा सोलून द्यावा लागतो."

वाटी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांवर घातला आणि पहिला दाणा सोलायला घेतला.